मेस्त्रींची टू-सीटर

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठल्या घरफोडीत कुठला आरोपी होता असे कोणी विचारले, तर मला जुनी टिपणे काढून बसावे लागेल. परळच्या तबेल्यातली ती हिरवी टू-सीटर आणि तिचा मालक यांच्यासाठी मात्र मला कुठलेच टिपण लागत नाही. नाव मी कोणाचेही लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसे आज नाहीत, आणि जी असतील त्यांना पुन्हा चारचौघांत उभे करण्याचा मला अधिकार नाही. एकदा ते माझ्या हातून झालेले आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षे होती. मी सब-इन्स्पेक्टर होतो आणि लालबाग-परळ भागातल्या एका ठाण्यात माझी नेमणूक होती. आज मोर्चा, उद्या सभा, परवा हरताळ. अर्धे ठाणे कायम बंदोबस्तावर असायचे आणि नेहमीचे तपासाचे काम उरलेल्या चार माणसांवर पडायचे. शहरात गोळीबार झाले होते. मी गोळी चालवली नव्हती, पण ज्यांनी चालवली त्यांच्या अंगावर जी खाकी होती तीच माझ्याही अंगावर होती. आमच्या ठाण्यातले बहुतेक लोक मराठी. ज्या घोषणा ऐकून आत कुठेतरी बरे वाटायचे, त्याच घोषणा देणाऱ्यांना काठीने मागे रेटायचे, असे ते दिवस.

गिरगावात माझी आत्या राहायची. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जात असे. एका रविवारी आतेभाऊ दारातच उभा राहिला. म्हणाला, "दादा, काही दिवस येऊ नकोस. चाळीत लोक बोलतात." आत्या आत होती, तिचा खोकला मला ऐकू येत होता. ती बाहेर आली नाही. मी जिना उतरलो. पत्नीला आणि लहान मुलीला मी आधीच चिपळूणला सासुरवाडीस पाठवले होते. त्यामुळे ड्यूटी संपली की पोलीस लाइनीतली ती एक खोली, स्टोव्ह आणि मी. बोलायला माणूस नाही. तपासाला आलेल्या माणसांशी मी त्या काळात गरजेपेक्षा जास्त बोलत असे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

अशाच एका रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास परळच्या मोठ्या रस्त्यावर एका फुलवाल्या बाईला मोटारीने उडवले. बाई चाळिशीची, विधवा. नवरा गिरणीत होता, तो क्षयाने गेलेला. ती रोज पहाटे टोपली घेऊन पायी दादरच्या फुलबाजारात जाऊन येत असे. मोटार न थांबता निघून गेली, असे आम्हाला पहिल्यांदा कळले. बाईच्या डोक्याला मार लागला होता, ती बेशुद्ध होती आणि उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. दोन दिवसांनी डॉक्टरांनी तो कापला.

पाहणारा एकच माणूस होता, रस्ता झाडणारा. त्याने लांबून पाहिले होते. गाडी लहान, जमिनीसरशी, वरून उघडी आणि आवाजाला फार मोठी. रंग काळपट किंवा हिरवा. आत एक माणूस होता की दोन, ते त्याला सांगता येईना.

अशा गाडीला तेव्हा लोक स्पोर्ट म्हणत. मलबार हिलच्या बाजूला चार-दोन दिसायच्या. गिरणगावात अशी गाडी कोणाकडे असणार? मंगळवारी याचे उत्तर मिळाले. लालबागला एक सायकलवाला होता, पंक्चर काढता काढता तो सगळ्या वस्तीची खबर ठेवायचा आणि अधूनमधून आम्हाला द्यायचा. तो ठाण्यात आला आणि म्हणाला, परळला व्हिक्टोरियावाल्यांचा जुना तबेला आहे, त्याच्या शेवटच्या ठाणात, घोडा बांधायच्या जागेत, एक हिरवी टू-सीटर असते. मालक गिरणीत मेकॅनिक खात्यात हेड फिटर आहे. आणि गाडीचा डावा दिवा फुटलेला आहे.

मी आमच्या जुन्या हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन तबेल्यात गेलो. घोडे आता चारच उरले होते. शेवटच्या ठाणात गोणपाट टांगले होते, ते बाजूला केले तर आत गाडी. मी मोटारींचा शौकीन नव्हतो, तरी क्षणभर बघत राहिलो. जुनी विलायती गाडी. लांब नाक, तारांच्या काड्यांची चाके, बसायला दोनच जागा. घोड्याच्या लिदीच्या वासात ती इतकी स्वच्छ होती की हात लावायला संकोच वाटावा. डाव्या दिव्याची काच नव्हती. डाव्या मडगार्डवर चरा होता.

गाडीखालून एक माणूस सरपटत बाहेर आला. पन्नाशीचा, सडसडीत, केस पिकलेले, खाकी अर्धी चड्डी आणि बनियन. गणवेश पाहून तो दचकला नाही. फडक्याला हात पुसत उभा राहिला.

गाडी तुमची का, रविवारी पहाटे बाहेर काढली होती का, या दोन्ही प्रश्नांना तो हो म्हणाला. दिवा कसा फुटला, तर म्हणाला, महिन्यापूर्वी दगड लागला. तेव्हा शहरात दगड पुष्कळ उडत होते, आणि मोटार दिसली की तिच्यावर एखादा हमखास यायचा. पण असे सांगणे कोणालाही सोपे होते. रविवारी कुठे गेला होता, या प्रश्नाला मात्र त्याने उत्तर दिले नाही.

गाडी जप्त करून ठाण्याच्या आवारात आणली. मेस्त्रीलाही आणले. गिरणीत सगळे त्याला मेस्त्री म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

चौकशीला बसलेला माणूस कशावर बोलतो आणि कशावर गप्प होतो, याकडे लक्ष ठेवायचे असते. मेस्त्री घराबद्दल बोलत नव्हता. चाळीत एकटाच राहतो, बायको वारली, मूलबाळ नाही, एवढेच. गाडीबद्दल विचारले की मात्र त्याचा आवाज बदलायचा. म्हणून मी दोन दिवस त्याला गाडीबद्दलच विचारत राहिलो.

गिरणीचा गोरा इंजिनिअर कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा ही गाडी त्याने विकायला काढली. मेस्त्री तीन रविवार नुसता ती बघायला जात होता. रंग त्याने बघितलाच नाही. म्हणाला, जुन्या गाडीचा रंग हा बघणाऱ्याला फसवायलाच असतो. त्याने पायाखालची चटई उचलून पत्रा किती गंजला आहे ते बघितले. दाराच्या सांगाड्यात लाकूड असते, ते समुद्राच्या हवेने कुजते, म्हणून दार उघडून थोडे वर उचलून बघितले. तेल बोटावर घेऊन चोळले. धातूची कणी लागली तर इंजिन आतून झिजते आहे असे समजायचे. मालकाने आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर त्या दिवशी परत यायचे, कारण गाडीचे खरे दुखणे ती थंड असतानाच कळते. मग पुढून हँडल घालून हाताने इंजिन फिरवले आणि चारही सिलिंडर सारखा जोर देतात का ते मनगटाने अजमावले.

"एक ढिला होता," तो म्हणाला. "आणि दुसरा गिअर ओरडत होता. म्हणून माझ्या आवाक्यात आली. शिवाय दोनच माणसं बसतात. संसारी माणूस अशी गाडी घेत नाही."

"मग तुम्ही का घेतलीत?"

त्यावर त्याने विषय पुन्हा गिअरवर नेला.

गाडी सांभाळण्याचे त्याचे सगळे काम रविवारी आणि गिरणी सुटल्यावर चालायचे. सुटे भाग विलायतेहून आगबोटीने यायचे आणि परवान्यांच्या भानगडीत ते येईनासे झाले होते. म्हणून जे मिळेल ते जुन्या बाजारातून आणायचे, आणि जे मिळत नाही ते लेथवर स्वतः कातायचे. चाकातली प्रत्येक काडी बोटाने वाजवून तो कुठली सैल झाली ते ओळखायचा. या सगळ्याची त्याने एक वही ठेवली होती. कुठल्या दिवशी तेल बदलले, प्लग साफ केले, काटा किती मैलांवर होता, हे सगळे सुबक अक्षरात. ती वही मी ताब्यात घेतली. दर रविवारी काटा चौदा मैलांनी पुढे गेलेला होता. तीन वर्षे, एकही रविवार चुकला नव्हता. एरवी गाडी जागची हललेली नव्हती.

दर रविवारी पहाटे चौदा मैल. कुठे? मी जरा कडक आवाजात विचारले. बाई इस्पितळात मरणाच्या दारात आहे, गाडी तुझी, दिवा तुझा फुटला, तू त्याच रस्त्याने गेलास आणि कुठे गेलास ते सांगत नाहीस, याचा अर्थ कोर्ट काय काढेल? तो खाली बघत राहिला. मग एकदम आपल्या मालवणीत म्हणाला, "तां माका इचारू नकात, साहेब." इतका वेळ तो माझ्याशी शुद्ध बोलत होता. माणूस आतून हलला की आपल्या गावच्या बोलीवर येतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

गुन्हा जामिनाचा होता. जामीन राहायला कोणाला बोलावू, असे विचारले, तर म्हणाला कोणाला नको. चाळीत कळवू नका. गिरणीत गावी गेलो असे सांगा. आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याने मला एक विनंती केली. सबंध चौकशीत त्याने मागितलेली तेवढी एकच गोष्ट.

"साहेब, रविवारी सकाळी दोन तास सोडाल? पाहिजे तर शिपाई बरोबर द्या. फक्त गणवेशात नको."

अर्थात मला ते शक्य नव्हते. मी नाही म्हटले. त्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

शनिवारी दुपारी मी आणि हवालदार आवारातल्या गाडीची पुन्हा तपासणी करत होतो. डावीकडच्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेसमोर एक जाड चामड्याचे कडे पक्के बसवलेले होते. पंचनाम्यात मी त्याला नुसते 'चामडी पट्टा' असे लिहिले होते. हात धरायला म्हणावे तर ते फार रुंद होते. आतून त्याला मऊ कापड शिवलेले होते. हवालदाराने ते बराच वेळ न्याहाळले. मग आपला हात आत घातला, मनगटापर्यंत.

"साहेब, हे मुठीत धरायचं नाही," तो हळूच म्हणाला. "ह्यात मनगट अडकवायचं. ज्याला बोटं नाहीत त्याच्यासाठी केलंय. आमच्या चुलत्याला माडीच्या जिन्याला असंच करून दिलं होतं."

त्याच्या चुलत्याला काय झाले होते ते मी विचारले नाही. ते त्याच्या आवाजावरून कळले. तबेल्यापासून वडाळ्याकडचे महारोग्यांचे इस्पितळ, तिथून वरळीचा समुद्र आणि तसेच परत, असा हिशेब मी मनात केला. चौदा मैल भरत होते.

रविवारी पहाटे मी साध्या कपड्यांत एकटाच तिकडे गेलो. फाटकाच्या आत दगडी कट्ट्यावर एक बाई बसली होती. अंगावर धुवट नऊवारी, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, दोन्ही हात पदराआड. फाटकावरचा माणूस म्हणाला, "ती नवऱ्याच्या हिरव्या गाडीची वाट बघते. दर रविवारी असते. आज गाडी आली नाही." मागच्या रविवारी गाडी आली होती का, तर आली होती, सहाच्या आसपास. म्हणजे साडेपाचला तो परळच्या रस्त्यावर असू शकत होता. वारली म्हणून सांगितलेली बायको जिवंत निघाली, पण त्याने मेस्त्रीची सुटका झाली नाही.

मी तिच्यापाशी गेलो. चार पावलांवर उभा राहिलो. मेस्त्रींना गिरणीत जादा काम लागले आहे, म्हणून आज जमले नाही, असे सांगितले. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलेच नाही, माझ्या बुटांकडे बघितले. साधे कपडे घातले तरी बूट सरकारी होते.

"तुमी पोलीस?" ती म्हणाली. "ह्येंनी काय केल्यानी?"

काही नाही, असे मी म्हटले. ती उठली आणि आत गेली. चालताना तिचा एक पाय ओढत होता.

ठाण्यात परतल्यावर मी मेस्त्रीला बाहेर काढले, खुर्चीवर बसवले आणि चहा मागवला. ती तुमची वाट बघत होती, एवढेच म्हणालो. तो रडला नाही. चहा संपवून बोलू लागला. आठ वर्षांपूर्वी तिच्या बोटांची संवेदना गेली. चाळीत कळायच्या आत त्याने तिला गावी नेतो म्हणून नेले आणि इस्पितळात ठेवले. महिन्याने चाळीत येऊन सांगितले की ती तापाने गेली. चाळीने दहावे-तेरावे केले, बायका रडल्या. नव्या गोळ्यांनी तिचा आजार आता थांबला होता, डॉक्टर घरी न्या म्हणत होते, पण मेलेल्या बाईला घरी कुठे न्यायचे? एकदा तिला समुद्र बघायचा होता. बसमधून लोकांनी उतरवले. टॅक्सीवाल्याने हात बघितला आणि गाडी पुढे काढली. तेव्हा त्याने गाडी घ्यायचे ठरवले. मोठी गाडी परवडत नव्हती. आणि चाळीत मोठी गाडी असली की कोणी ना कोणी बरोबर येतो म्हणणार. दोन जागांच्या गाडीत कोणी येतो म्हणत नाही.

"साहेब, मला शिक्षा झाली तरी चालेल. पण हे कुठं लिहू नका. चाळ मला ठेवणार नाही."

मी त्याला शब्द दिला की हे माझ्याजवळ राहील. केस डायरीत मी 'आजारी नातेवाइकास भेटण्यास गेला' एवढेच लिहिले.

सोमवारी फुलवाल्या बाईंना नीट शुद्ध आली. त्यांचा जबाब मी स्वतः घेतला. बाई धीराच्या होत्या. पाय गेल्याचे कळूनही त्यांनी एकेक गोष्ट क्रमाने सांगितली. गाडी थांबली नव्हती हे खरे नव्हते. धक्का बसल्यावर तिचे इंजिन बंद पडले होते. एक तरुण खाली उतरला, जवळ आला.

"त्यानं माझ्याकडं बघितलं," बाई म्हणाल्या. "मी डोळे उघडे ठेवले होते. मग तो परत जाऊन बसला. दोनदा घर्र घर्र झालं आणि गेला."

बसल्या जागी घर्र घर्र, म्हणजे सेल्फ-स्टार्टर. मी तडक आवारात येऊन मेस्त्रीच्या गाडीचे बॉनेट उघडायला लावले. स्टार्टरच्या जागी पत्र्याचे झाकण ठोकलेले होते आणि त्यावर तेलाचा काळा थर बसला होता. वहीत नोंद होती: पाच महिन्यांपूर्वी स्टार्टरचे दाते तुटले, काढून ठेवला, भाग येईपर्यंत हँडलने चालवणे. मोटार खात्याच्या इन्स्पेक्टरने येऊन तसा दाखला दिला. ही गाडी बंद पडली असती तर मालकाला पुढे जाऊन हँडल मारावे लागले असते. मेस्त्री निर्दोष होता.

बाईंच्या टोपलीतल्या सुकलेल्या फुलांत नर्सला काचेचा एक तुकडा सापडला होता. तो मी मेस्त्रीलाच दाखवला. त्याने उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, हिच्यावर उभ्या रेघा आहेत, ही नव्या मॉडेलची काच आहे. दुकानात मिळणार नाही. जो कोणी असेल तो जुन्या भागांच्या बाजारात शोधत येईल. तिथल्या दोघा-तिघा दुकानदारांकडे आम्ही चौकशी केली. एकाने सांगितले की अशीच काच मागायला एका मोठ्या बंगल्याचा ड्रायव्हर येऊन गेला. बंगल्याच्या गॅरेजात ताडपत्रीखाली गाडी होती, हिरवीच. घरातला मुलगा बावीस वर्षांचा. अर्ध्या तासात त्याने कबूल केले. म्हणाला, "ती हलत नव्हती. मला वाटलं, मेली." मी त्याला सांगितले की तिचे डोळे उघडे होते.

इथे केस संपायला हवी होती. पण मुलाच्या बापाने मोठा वकील दिला, आणि त्या वकिलाने बचाव असा घेतला की धडक मेस्त्रीच्याच गाडीने दिली. पोलिसांनी आधी त्याला धरले, मग सोडून श्रीमंताच्या मुलाला अडकवले. कबुलीजबाब पोलिसांपुढचा, त्याला कोर्टात किंमत नाही. सरकारी वकील म्हणाले, फिटरची साक्ष लागेल. मी मेस्त्रीकडे तबेल्यात गेलो. त्याला यायचे नव्हते. मी त्याला समजावले की तुम्हाला फक्त स्टार्टरबद्दल विचारतील, बाकी कशाचा संबंध नाही. हे मी खात्रीने सांगितले. ती खात्री मला नव्हती. केस टिकावी एवढीच मला इच्छा होती.

साक्षीच्या दिवशी त्याच्या चाळीतले दोन शेजारी मुद्दाम रजा टाकून आले होते, मेस्त्री एकटा पडू नये म्हणून. फुलवाल्या बाई कुबडी टेकून पहिल्या बाकावर बसल्या होत्या. स्टार्टरची साक्ष नीट झाली. मग बचावाचा वकील उठला.

त्या पहाटे तुम्ही त्याच रस्त्यावर होता का? होतो. कुठे चालला होता? मेस्त्री गप्प. वकिलाने आवाज चढवला. दर रविवारी पहाटे हा माणूस कुठे जातो हे पोलिसांनाही लिहिता आलेले नाही, काय लपवायचे आहे? सरकारी वकिलांनी हरकत घेतली. मॅजिस्ट्रेटनी विचार केला आणि साक्षीदाराने उत्तर द्यावे असे सांगितले.

मेस्त्रीने एकदा माझ्याकडे बघितले. मग कुबडीवर हात ठेवून बसलेल्या त्या बाईंकडे बघितले. त्याने उत्तर टाळले असते तर त्याच्यावरचा संशय उरला असता आणि तो मुलगा सुटला असता.

"माझी बायको महारोगी आहे," तो स्पष्ट म्हणाला. "इस्पितळात आहे. रविवारी तिला समुद्रावर फिरवून आणतो."

मागच्या बाकावरचे दोघे शेजारी हळूच उठले आणि निघून गेले.

मुलाला शिक्षा झाली. वरिष्ठांनी मला शाबासकीचा शेरा दिला. त्याच संध्याकाळी चाळीत बातमी पोहोचली होती. भांडण झाले नाही, शिव्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नळावरच्या रांगेतून मेस्त्रीची घागर उचलून बाजूला ठेवली गेली, एवढेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने घरमालकाचा माणूस खोली सोडायला सांगून गेला. गिरणीत त्याची हत्यारे कोणी हातात घेईना. त्याने मुदतीआधी नोकरी सोडली आणि तबेल्याच्या माळ्यावर राहायला गेला. लपवण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून त्याने बायकोला तिथेच आणले. घोडेवाल्यांनी हरकत घेतली नाही.

त्यानंतर मी त्यांना कितीदा तरी पाहिले. बंदोबस्तावर उभा असलो की भर दुपारी ती हिरवी गाडी लालबागहून जायची, वरचे कापड उतरवलेले, शेजारी ती. फुटपाथवरची माणसे बघत राहायची. मला त्या माणसांचा राग यायचा. शिकलेली, न शिकलेली, हक्कासाठी रस्त्यावर उतरणारी माणसे, आणि एका बाईशी अशी वागतात, असे मला वाटायचे. मी स्वतःला त्यांच्यातला समजत नव्हतो.

राज्य झाले. रोषणाई झाली. बंदोबस्त कमी झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मेस्त्रीची बायको न्यूमोनियाने गेली. मला उशिरा कळले. मी जायचे ठरवत होतो, तेवढ्यात एका शनिवारी सकाळी तो स्वतःच ठाण्यात आला. फार वाळला होता. उभ्याउभ्याच म्हणाला, स्टार्टरचा भाग अखेर आला, बसवला. गाडी आता छान चालते. मग जरा थांबून म्हणाला,

"साहेब, उद्या रविवार. वरळीपर्यंत येता? एकट्यानं गाडी काढवत नाही."

दुसऱ्या दिवशी मला साप्ताहिक सुटी होती. पत्नी अजून चिपळूणहून यायची होती, मला कुठेही जायचे नव्हते. मी म्हटले, "उद्या ड्यूटी आहे, मेस्त्री."

तो माझ्याकडे बघत राहिला. चौकशीत माणूस खोटे बोलला की मला कळते, तसे त्यालाही कळले असावे. "बरं साहेब," म्हणाला आणि गेला.

पुढे पुष्कळ वर्षे मी स्वतःला सांगत राहिलो की मला त्याच्यासमोर लाज वाटत होती. मी दिलेला शब्द मोडला होता, त्याची चाळ माझ्यामुळे सुटली होती, त्याच्याशी तासभर काय बोलणार? हे सगळे खरेच होते. पण त्या सकाळी, त्याने विचारले त्या क्षणी, माझ्या मनात यातले काहीच आले नव्हते. मनात आले ते एवढेच, की मला तिच्या जागेवर बसावे लागेल.

मी जबाब घेताना लोकांना सांगत असे की खरे बोला, बाकी आम्ही बघून घेऊ. खरे बोलल्यावर माणसावर जे येते ते आम्ही कधीच बघून घेत नाही, हे मला त्या केसने शिकवले. आणि ज्यांनी त्याची घागर बाजूला ठेवली, त्यांच्यावर रागावण्याचा हक्क मला नव्हता, हेही.

उन्हाळ्यात एकदा मी धीर करून तबेल्यात गेलो. शेवटच्या ठाणात घोडा बांधलेला होता. व्हिक्टोरियावाला म्हणाला, मेस्त्रींनी गाडी विकली आणि गावाला गेले. कोणते गाव, ते त्याला माहीत नव्हते. ठाण्याच्या कागदपत्रांत त्यांचा गावचा पत्ता होता. तो मी शोधून काढला, एका चिठ्ठीवर उतरवून घेतला, आणि पत्र काही लिहिले नाही.